कालच्या पेपरावरची शिस्त

मास्तर कोट शिवायचे. नुसते शिवायचे नाहीत, तळहातावरच्या फोडासारखे जपायचे. गिऱ्हाइकाला कापडाला बोट लावायचं असेल तर आधी दुकानाच्या कोपऱ्यातल्या नळाखाली हात धुवायचे, तेही साबण लावून. एकदा एका डॉक्टरलाही त्यांनी धुवायला लावले होते. तीस वर्षांत आपल्या हातून डाग पडलेला कपडा बाहेर गेला नाही, हे ते सगळ्यांना सांगायचे. कुणी विचारायची वाट पाहायची सवय नव्हती.

अशा माणसाच्या घरी देवानं पोपट धाडला. देवानं म्हणजे मेहुण्यानं.

"भाऊजी, दोनच महिने. बदलीच्या गावाहून परत आलो की घेऊन जातो. काही म्हणजे काही त्रास नाही त्याचा," असं म्हणून मेहुण्यानं पिंजरा टेबलावर ठेवला आणि चहा न घेता निघाला. चहा न घेता निघणारा मेहुणा मास्तरांनी तोवर पाहिला नव्हता. तिथंच संशय यायला हवा होता. मेहुण्याला बदलीच्या गावाहून परत येऊनही जमाना झाला आणि त्या दोन महिन्यांना आता चौथं वर्ष लागलं.

पोपटाचा त्रास खरंच नव्हता. चावायचा नाही, शिव्या द्यायचा नाही. फक्त शिटायचा. दर वीस मिनिटांनी, भिंतीवरच्या घड्याळाला लाजवेल असा. पिंजऱ्यात कोंडला की गळा काढायचा आणि शेजारचे दार ठोकायचे, कोण मारतंय कुणाला म्हणून. त्यामुळे तो मोकळा. पुढे दुकान, मागं घर, मध्ये एक पडदा, एवढ्या राज्यात तो खुर्चीच्या पाठीवर, शिलाई मशिनवर आणि सोयीचं पडेल तेव्हा मास्तरांच्या टकलावर बसायचा.

"तीस वर्षं डाग नाही म्हणे," बायको त्यांचा शर्ट भिजत घालताना म्हणायची. "पाठ बघा जरा आरशात. पदकं लटकलीत."

"तुझ्या भावाच्या पोपटाची कृपा."

"भाऊ माझा, पोपट तुमचा. मोकळा कुणी सोडला?"

मास्तर हार खाणाऱ्यांतले नव्हते. कोटाचा मुंढा मनासारखा बसेना तर दहादा उसवतील, पण बगलेत चुणी राहू देणार नाहीत. त्यांनी पोपटाकडेही त्याच नजरेनं पाहायला सुरुवात केली. शिटण्याआधी पोपट अर्धं पाऊल मागं सरकायचा, थोडा खाली बसायचा आणि शेपूट उचलायचा. एवढ्यात साधारण तीन सेकंद मिळत. त्या तीन सेकंदांत मास्तर त्याला उचलून कालच्या पेपरावर ठेवायचे, पेपर सळसळवायचे आणि काम फत्ते झालं की खिशातून एक शेंगदाणा. सहा आठवडे हे चाललं. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप आणि डोळे पोपटाच्या बुडाखाली. या काळात एका वकिलाच्या कोटाला काजं उलट्या बाजूला पडली, पण थोर कार्यात एवढं चालायचंच.

आणि एक दिवस जमलं. मास्तरांनी पेपर सळसळवला, पोपट मागच्या खोलीतून उडत आला, पेपरावर उतरला, काम उरकलं आणि शेंगदाण्यासाठी पंजा पुढं केला. पोरगं बोर्डात आल्यासारखे मास्तर गल्लीभर फिरले. माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना प्रात्यक्षिक बघितल्याशिवाय सुटका नव्हती. पोटात काही असो नसो, पेपर वाजला की पोपट थोडंफार सादर करायचाच.

शिकवणीत एकच गोम होती. मास्तर कोटाचे नमुनेही पेपरावरच कापायचे. पेपर पसरून खडूनं पाठीचा आकार काढला, की हा पठ्ठ्या नेमका पाठीच्या मधोमध. वर पंजा पुढं. आणि मास्तरांचा हातही आपोआप खिशात. शेवटी त्यांनी नमुन्यांसाठी खाकी कागद आणला.

"पोपटासाठी धंद्याचा कागद बदलला," बायको म्हणाली. "मी सात वर्षं सांगतेय हा पडदा बदला म्हणून. मीही शिटायला शिकू का?"

मग बँडमास्तर आले. त्यांच्या बँडला पांढरेशुभ्र चौदा कोट हवे होते. आधी त्यांचा एकट्याचा शिवायचा, तो पसंत पडला तर उरलेले तेरा. एवढं मोठं काम दुकानात कधी आलं नव्हतं. बायकोनं त्याच दिवशी ठणकावलं, "हे काम पोपटापायी गेलं, तर पोपटही गेला म्हणून समजा. भावाला फोन करीन आणि पिंजरा उंबऱ्याबाहेर."

"आता तो शिकलेला आहे," मास्तर म्हणाले.

ट्रायलच्या दिवशी त्यांनी पोपटाचं काम पाच मिनिटं आधी उरकून घेतलं आणि त्याला पडद्यामागं ठेवलं. हिशेबानं पंधरा मिनिटं निर्धोक. बँडमास्तरांनी हात धुतले, साबणानं. कच्चे टाके घातलेला कोट अंगात घालून आरशासमोर उभे राहिले आणि छडी फिरवावी तसा उजवा हात वर नेला. कोट जागचा हलला नाही.

"वा, मास्तर! नाहीतर हात वर केला की सगळा कोट कानाशी येतो." बँडमास्तर खूश. "बरं, आजचं हे पाहिलंत का?"

त्यांनी पिशवीतून पेपर काढला आणि दोन्ही हातांनी उघडला. आत त्यांचा फोटो होता, मिशांसकट. पेपर सळसळला. पडदा हलला.

पोपट थेट बँडमास्तरांच्या पांढऱ्या खांद्यावर उतरला. मास्तरांच्या तोंडातल्या टाचण्या गळाल्या. पण पोपट शिस्तीचा. बाहीवरून तुरुतुरु खाली आला, उघड्या पेपरावर चढला, अर्धं पाऊल मागं सरकला, शेपूट उचलली. मिशांच्या बरोबर मध्यावर.

इथं माफी मागायला हवी होती. पण तीस वर्षांची नजर आधी कोटावर गेली. खांदा, कॉलर, बाही.

"कोटावर थेंबसुद्धा नाही!" मास्तर आनंदानं ओरडले. पोपटानं पंजा पुढं केला आणि मास्तरांनी शेंगदाणा दिला.

बँडमास्तरांनी शेंगदाण्याकडे पाहिलं, मग फोटोकडे. "म्हणजे हे तुम्ही शिकवलंय त्याला?"

"हो तर. सहा आठवडे लागले," मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले.

बँडमास्तरांनी कोट उतरवला, घडी घालून काउंटरवर ठेवला आणि गेले. त्यांच्यामागं न शिवलेले तेरा कोटही गेले.

संध्याकाळी मेहुणा आला. या खेपेला त्यानं दोन कप चहा घेतला, तिसऱ्याचीही तयारी होती. पण ताईनं पिंजरा हातात दिलाच.

दुसऱ्या दिवसापासून दुकान स्वच्छ. मास्तर सलग शिवत बसले आणि दुपारपर्यंत त्यांची कंबर धरली. दर वीस मिनिटांनी उठायची सवय कुणी लावली होती, हे तेव्हा कळलं. मग ते उठायचे, कालचा पेपर पसरायचे, सळसळवायचे आणि खुर्चीच्या रिकाम्या पाठीकडे बघत उभे राहायचे.

"कुणाला बोलावताय?" बायकोनं पडद्याआडून विचारलं.

"कुणाला कशाला? धूळ झटकतोय."

"काल आलेल्या पेपरावर?"

मास्तरांनी पेपराची घडी घातली.

चौथ्या दिवशी मेहुणा दारात. हातात पिंजरा, चेहरा उतरलेला. "ताई, सासरे आलेत राहायला. सकाळी पेपर उघडला की हा... आता पंख्यानं पेपर सळसळला तरी ते दचकतात गं."

"चहा घे."

"नको," म्हणून तो निघाला.

मास्तरांनी खाकी कागद बाजूला सारला, कालचा पेपर पसरला आणि सळसळवला. पोपट पिंजऱ्यातून बाहेर आला, पेपरावर चढला, अर्धं पाऊल मागं सरकला. मास्तरांचा हात खिशात गेला. खिसा रिकामा. चार दिवस भरलाच नव्हता.

बायकोनं मूठ पुढं केली. तिच्या मुठीत शेंगदाणे कधीपासून होते, हे मास्तरांनी विचारलं नाही.