फेसाच्या आडची अभ्यासिका

बापाचं केशकर्तनालय होतं, आणि बापाचे हात सकाळी थरथरायचे. दारूचा घोट पोटात गेला की हात थाऱ्यावर येत. मग बाप थाऱ्यावर नसे. अशा हातांखाली मान द्यायला कुणी धजावेना, तेव्हा वस्तरा लेकीने उचलला. आई लोकांची धुणीभांडी करून थकलेली. चूल पेटायची तर दुसरा इलाज नव्हता.

लेकीला नर्स व्हायचं होतं. सकाळी दुकान, दुपारी कॉलेज. पुस्तक आरशाला टेकवायचं, गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस फासायचा आणि धडा म्हणायला लागायचं.

"मी दाढीला आलोय की शाळेत?" शिंपीकाका कुरकुरायचे.

"बोलू नका काका, कापेल."

यकृताचा धडा आला की मागच्या बाकावरून बाप पुटपुटे, "तो सोड. पुढचा घे."

ती तो पुन्हा पहिल्यापासून म्हणे.

शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा आली. नापास झाली, तर इस्पितळातली हाती आलेली नोकरी जाणार आणि जन्मभर दुकानातली तीच खुर्ची पुसायची. समोर दोन परीक्षक बाई, कोरड्या, स्वच्छ चेहऱ्यांच्या.

"गालावरच्या जखमेचं रक्त थांबत नाहीये. कुठली धमनी दाबाल?"

उत्तर येत होतं, पण वाचा बसली. फेस नसलेल्या तोंडासमोर तिने धडा कधी म्हटलाच नव्हता. जीभ हलेना, हात मात्र सवयीने पुढे गेले. तिने परीक्षक बाईंची हनुवटी धरून मान वर केली, जबड्याच्या कडेला बोट टेकवलं.

"हलू नका. इथे."

आणि सगळं उत्तर धबाधबा बाहेर आलं.

बाई मान वर ठेवूनच म्हणाल्या, "झालं का? मान अवघडली."

दुसऱ्या बाई हसू दाबत म्हणाल्या, "माझा नंबर कधी?"

पास झाल्याचं तिने घरी सांगितलं. आई रडली, हसली, पुन्हा रडली. बापाने आपल्या हातांकडे बघत विचारलं,

"मग उद्यापासून दुकान कोण उघडणार?"

"कुणी नाही. पगार येईल माझा. तुम्ही उद्या माझ्याबरोबर इस्पितळातल्या व्यसनमुक्तीच्या वॉर्डात यायचं."

बाप गेला. पळून आला. पुन्हा गेला, या वेळी आपल्या पायांनी. दारातल्या वॉर्डबॉयने नाव विचारलं, तर बाप मान ताठ करून म्हणाला, "नाव लिही नंतर. आधी ती पांढऱ्या कपड्यातली बघ. माझी पोरगी. माझंसुद्धा ऐकत नाही, तुझं काय ऐकणार!"