घरालगतची पट्टी

त्याला सगळे ‘वाढीव’ म्हणत, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नसे. दर वर्षी मका निघाला की तो कुऱ्हाडीला धार लावी, शेताच्या टोकाला जाई आणि जंगलाच्या कडेची दहा-बारा झाडं आडवी करी. मागची जमीन दमली की सोडून द्यायची आणि पुढची कोरी धरायची, हे त्याला बापाने शिकवलं होतं. अंगात रग होती तोवर ते निभावलंही. आता पन्नाशी उलटली होती आणि घरापासून पिकापर्यंत चालतानाच धाप लागत होती. दुपारचं जेवण घेऊन येणारी बायको पाटी खाली ठेवता ठेवता म्हणे, “अहो, अजून पुढे सरकलात तर मला मुक्कामालाच यावं लागेल.”

मुलाचं लग्न झालं, घरात सून आली. तिच्या माहेरी दोन खडकांच्या बेचक्यात इवलासा तुकडा होता. पुढे सरकायला जागाच नाही, म्हणून ती माणसं आहे तीच माती जिवापाड जपत. सासऱ्याने टाकून दिलेली घरालगतची पट्टी तिने मागून घेतली. जमीन फरशीसारखी टणक. सासरा हसला आणि म्हणाला, घे, तुझा हातही दुखेल आणि हौसही फिटेल.

तिने उतारावर आडवे बांध घातले. मक्याची धाटं जाळायची सोडून तीच जमिनीवर पसरली. मक्याच्या ओळींमधून घेवडा लावला. तो पसारा पाहून वाढीवला लाजच वाटली. कुणी विचारलं तर तो सांगे, सूनबाईंना अंगण झाडायचा कंटाळा आहे. त्यातच धाटांखाली उंदरांनी संसार थाटला आणि अर्धा घेवडा फस्त केला, तेव्हा तर त्याला हसू आवरेना. सून शेजारणीकडून मांजर घेऊन आली.

मग ऐन कणसं भरायच्या दिवसांत पावसाने तीन आठवडे दडी मारली. जंगलाकडेच्या कोऱ्या जमिनीतला त्याचा मका दुपारी माना टाकू लागला. पट्टीतला मात्र ताठ उभा. वाढीवच्या डोक्यात किडा वळवळू लागला. एका दुपारी सून पाण्याला गेलीय असं पाहून तो हळूच पट्टीत शिरला, गुडघ्यावर बसला आणि धाटं बाजूला केली. खाली माती गार होती, ओली होती आणि त्यात बोटाएवढं गांडूळ होतं. त्याने मूठभर माती उचलून नाकाशी नेली.

“बाबा, काही हरवलंय का?” मागून सुनेचा आवाज आला.

तो दचकला. विळा शोधत होतो म्हणावं, तर विळा कमरेलाच होता. शेवटी त्याने मूठ पुढे केली.

“ही माती मी मेली म्हणून सोडली होती, पोरी.”

“मेली नव्हती, बाबा. उपाशी होती.”

मका निघाल्यावर तो सवयीप्रमाणे जंगलाच्या कडेला गेला खरा, पण तासाभराने नुसताच परतला आणि सुनेला विचारलं, पट्टीच्या शेजारच्या तुकड्याला किती धाटं लागतील? तिने सांगितलेला आकडा ऐकून मुलाने कपाळाला हात लावला, कारण वाहायची त्यालाच होती.

चार वर्षांत जुनी जमीन तुकड्या-तुकड्याने परत उठली. टोकाकडचं शेत त्याने मोकळं सोडलं, तिथे आता माणसाच्या उंचीची रोपं आलीत. परवा ओढ्यापलीकडचा एक शेतकरी बघायला आला. वाढीवने त्याला तासभर बांध दाखवले, माती हुंगायला लावली आणि घेवडा मक्याच्या आधी पेरायचा, असंही ठणकावून सांगितलं.

“नंतर पेरायचा,” सून दारातून म्हणाली.

“नंतर,” वाढीव म्हणाला आणि पाहुण्याला पुढचा बांध दाखवायला घेऊन गेला.