दादाच्या गुलाबी चिठ्ठ्या

आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या रस्त्यावर राइस मिलपाशी एसटी थांबली की उकडलेल्या धानाचा वास आत येतो आणि मी नाकाला पदर लावते.

त्या मिलमध्ये मी हिशेब बघायची, माझा दादा काट्यावर असायचा. धानाची गाडी तोलली की तो गुलाबी चिठ्ठी लिहायचा. धान उकडला, वाळला, भरडला, तरी चिठ्ठी त्याच्यासोबतच फिरायची आणि तांदूळ रवाना झाला की माझ्या टेबलावरच्या तारेत ओवली जायची. ठरलेली वर्षं उलटली की जुन्या चिठ्ठ्या धान उकडायच्या भट्टीत टाकायची तिथली रीत होती.

दादा वारल्यावर काही वर्षांनी त्याच्या शेवटच्या हंगामाची पाळी आली. गठ्ठा छातीशी धरून मी भट्टीपुढे उभी राहिले.

"बाई, ऑडिट होऊन गेला ना? मंग कायले धरून राहिल्या?" भट्टीवाला म्हणाला.

मी हात सैल सोडले. गुलाबी कागद क्षणभर उजळले आणि त्याच जाळाच्या वाफेवर नवा धान शिजला. वासात काहीच फरक पडला नाही.

तेव्हा वाटलं होतं, त्याचं अक्षर घरात कुठेतरी सापडेलच. आता सगळं घर शोधून झालं आहे. दादाने चिठ्ठ्यांशिवाय दुसरं काही लिहिलंच नव्हतं.