मेंढ्याला पाकीट, नातीला सैंधव

"मॅडम, तुमच्या पेशंटचा टीएसएच वाढलाय," आमचे लहान मुलांचे डॉक्टर रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवत म्हणाले. "गोळी सुरू करण्याआधी आहार तपासा."

टीएसएच वाढला म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी सुस्तावलीय आणि मेंदू तिला कामाला लावायला ओरडतोय. सुस्तीचं एक कारण म्हणजे आयोडीन कमी पडणं.

मला ते पटेना. पेशंट सानिका, अकरा वर्षांची, सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातली. तिला सिस्टिक फायब्रोसिस. या आजारात अन्न नीट पचत नाही, छातीत चिकट कफ साठतो आणि घामावाटे मीठ भसाभसा जातं. त्यात सोलापूरचं ऊन. म्हणून सहा महिन्यांपूर्वी आहारतज्ज्ञ या नात्याने मीच डाएट चार्टवर लिहून दिलं होतं, 'मीठ भरपूर'. आयोडीन मुख्यतः मिठातूनच मिळतं. मग एवढं मीठ खाणारीला ते कमी कसं पडेल? माझ्या चार्टमध्ये चूक नाही, असं मी डॉक्टरांना ठणकावून सांगितलं.

पण आतून मी घाबरले होते. सहा महिन्यांत सानिकाची उंची हलली नव्हती, वजन एक किलोने उतरलं होतं आणि ती वर्गात बाकावर झोपायची. अशा मुलांना वजन घटणं परवडत नाही.

मी सानिकाच्या घरच्यांना घरातलं सगळं मीठ घेऊन बोलावलं. सानिकाला घेऊन तिचे आजोबा बिरूआण्णा आले. फेटा, पांढऱ्या मिशा, हातात दोन पुड्या. मी पहिली उघडली आणि मिठावर टेस्टिंग किटमधला थेंब टाकला. आयोडीन असलं की मीठ जांभळं होतं. ते गर्द जांभळं झालं. आता डॉक्टरांना बोलावून दाखवायचंच, म्हणून मी फोन उचलला.

"ती न्हवं मॅडम," आण्णा म्हणाले. "ती मेंढ्याची पुडी हाय."

मी फोन ठेवला. दुसऱ्या पुडीत गुलाबी सैंधव होतं. थेंब टाकला, रंग नाही. किटवर शंका घेऊन आणखी एक टाकला. तरी नाही.

मी 'भरपूर' लिहिलं म्हणून आण्णांनी पाकिटांचं पोतंच आणलं होतं. मग बाजारात कुणीतरी सांगितलं, पाकिटातल्या मिठात केमिकल असतं, सैंधव शुद्ध. तेव्हापासून सगळ्या घराचा स्वयंपाक सैंधवावर आणि पोतं जनावरांच्या प्रदर्शनात उतरवायच्या मेंढ्याला. मेंढा कसा आहे, असं मी विचारलं. आण्णांनी मोबाइलवर फोटो दाखवला. ऐटबाज होता. आमच्या विभागात तेवढा तजेलदार कुणीच नव्हता.

"ते केमिकल म्हणजेच आयोडीन, आण्णा. तिला तेच हवं होतं."

आण्णांचा चेहरा उतरला. "आमी तर पोरीला भारीतलं दिलं की."

मला माझीच लाज वाटली. कुठलं मीठ, हे मी लिहिलंच नव्हतं. मी डॉक्टरांकडे जाऊन चूक कबूल केली. ते हसले नाहीत, पण त्यासाठी त्यांना प्रयत्न करावा लागला.

सानिकाच्या घरी सैंधव बंद होऊन पाकिटातलं मीठ सुरू झालं. तीन महिन्यांनी टीएसएच गोळीविना खाली आला. वजन दीड किलोने वाढलं. सानिकाची आता वर्गात बोलते म्हणून तक्रार येते.

तेव्हापासून मी चार्टवर नुसतं 'मीठ' लिहीत नाही. घरातल्या मिठाची पुडी मागवते, आणि घरात जनावर असेल तर त्याच्यापुढे काय ठेवता, तेही विचारते.