बुधवारी भरलेल्या बांगड्या

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही, आणि हे लिहून झाल्यावरही बसेल असं वाटत नाही. या सदरातले अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत हसत वाचत आलेय. त्यात माझं काम मलकापूरजवळच्या टिश्यू कल्चर नर्सरीत, सुपरवायझर म्हणून. केळीच्या एका कोंबापासून हजारो हुबेहूब रोपं होतात, ती वाढवायची. एकासारखं दुसरं असण्याचं मला काय नवल...

आई शेगावला एकटी राहते. वय अठ्ठ्याहत्तर, डोकं माझ्यापेक्षा शाबूत. मी दर रविवारी सकाळच्या गाडीने जाते, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरते, सिलिंडर बघते, भाजी निवडून ठेवते आणि जेवायच्या आत परतीची गाडी धरते. काम चोख. बसून गप्पा मारणं मला जमत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी गेले, तर आईच्या दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या. बाबा गेल्यापासून सहा वर्षं ते हात मोकळे होते.

"कोणी भरल्या?"

"काऊन वं, विसरली काय? बुधवारी तूच तं जमीलाबीकडे घेऊन गेली मले. मी नाही म्हणत होती, तं म्हणे, आई, सहा वर्साचं सुतक असते काय कुठं?"

बुधवारी मी नर्सरीत होते. रोपांची गाडी भरायची होती. दिवसभर चाळीस बायकांच्या डोळ्यांसमोर होते. तसं सांगितलं तर आई हसली.

"आइतवारी तू येगळीच असतं. बुधवारी माह्याजोळ बसतं तरी. त्या दिवशी मांडीवर डोकं ठेवून दुपारभर झोपली."

मला भीती वाटली नाही. राग आला. कोण ही, माझ्या आईच्या मांडीवर झोपणारी? आणि बांगड्यांचं हे मला सहा वर्षांत का सुचलं नाही?

तडक जमीलाबीच्या दुकानात गेले. गल्लीच्या टोकाला तीस वर्षं बांगड्या भरतेय ती. आठवीत मी सायकलवरून पडले होते. डाव्या मनगटाचं हाड वाकडं बसलंय, बांगडी तिरकी करूनच चढवावी लागते. तिने माझा हात घेतला, दाबला, फिरवला.

"ताई, मी तोंड नाही पाहत, हात पाहते. हात हाच व्हता. दोन-सहाचं माप, डाव्याले हाड. तुमीबी भरल्या ना आईसंग. फक्त त्या दिवशी हात कसा ढिला सोडला व्हता. आज आवळून धरला."

माझ्या हातात घड्याळाशिवाय काही नव्हतं.

मुलगी बीएस्सीला आहे. फोनवर म्हणाली, "आई, तुझा क्लोन असेल."

"क्लोन असता तर वयाने लहान असता. रोप काय लावल्या दिवशी घडावर येतं? आणि मोडलेलं हाड रोपात उतरत नाही. ते ज्याचं त्यालाच."

ती म्हणाली, "मग आजीकडे जाते ती तूच की."

मी फोन ठेवला.

पुढच्या बुधवारी रजा टाकून पहिल्या गाडीने गेले. म्हटलं, येऊ दे समोर. आईने कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. माझ्या आवडीचं... पण मी जेवायला थांबतच नसे, म्हणून कित्येक वर्षांत झालं नव्हतं. ते तिच्यासाठी झालं होतं. मी दाराकडे तोंड करून बसले. दुपार झाली, कोणी आलं नाही.

"सारखी घड्याळ काय पाहून राह्यली?" आई म्हणाली. मग तिची नजर माझ्या मनगटावर गेली. "बांगड्या कुठं गेल्या तुह्या?"

आईने मला नीट न्याहाळलं.

"तू आइतवारची होय," ती म्हणाली. माझ्यापुढे ताट ठेवलं, वाढलं. दुसरं ताट वाढून त्यावर झाकण घातलं. "तिच्यासाठी राहू दे."

त्या दिवसापासून ती आलेली नाही. मला जुळी बहीण नाही. माझ्या जन्माच्या वेळी घरात असलेल्या मावशीला विचारून खात्री केली. शेजारणींनी ज्या बाईला पाहिलं ती त्यांच्या मते मीच. आईला कसला भास होत नाही, डॉक्टरांना दाखवून आले. खुलासा माझ्याकडे नाही, आणि शोधायचं मी सोडलंय.

नर्सरीत जी रोपं मूळ झाडासारखी निघत नाहीत ती उपटून टाकावी लागतात. ते काम हल्ली मी दुसऱ्या बाईला दिलंय.

आता मी बुधवारची सुट्टी घेते. जमीलाबीकडून तशाच हिरव्या बांगड्या भरून घेतल्या. हात ढिला सोडायचा म्हटलं तरी दोन फुटल्या. दुपारभर थांबते. एकदा मांडीवर डोकंही ठेवलं. आईने केसांतून हात फिरवला, चांगला वेळ फिरवला.

निघताना मी ओट्याजवळ गेले आणि आई अजूनही दर बुधवारी तिच्यासाठी झाकून ठेवते ते ताट घासायला घेऊ लागले.

"ठेव ते," आई म्हणाली. "तिनं पाह्यलं तं काय म्हणन?"