वळणातला ब्रेक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. देवळात हात जोडून उभा असतो, तिथं तर कुणी काही विचारत नाही — तरी या एका गोष्टीला वळसा घालूनच बाहेर येतो. आज लिहायला बसलोय. आजच का, ते शेवटी कळेल कदाचित. मलाही.

मोताळ्यात माझं पंपसेटचं दुकान. शेजारी रफिकचं, जळलेल्या मोटरीत तांब्याची नवी तार भरून देण्याचं. मी विकलेली मोटर जळली की शेतकरी ती उचलून त्याच्याकडे नेणार, असा आमचा शेजार. शेगावच्या रस्त्याला गो-कार्टचा ट्रॅक झाला तेव्हा आम्ही दोघं सोबतच पहिल्यांदा गेलो. दर्शनाहून परतणारी कुटुंबं लेकरांना घेऊन तिथं थांबतात. त्यांच्यात आम्ही दोघं पिकल्या मिशांचे. मग दर रविवारचंच झालं ते.

मला नाद लागला तो शिकण्याचा. मोबाइलवर बघून बघून मी सगळं पाठ केलं. ब्रेक मारायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. वळताना पाय ब्रेकवर नको. बाहेरून आत यायचं, आतली कड धरायची, पुन्हा बाहेर सुटायचं. नजर समोरच्या चाकावर नाही, जिथून निघायचंय तिथं. स्टेअरिंग आवळून धरायचं नाही. आणि गाडी घुमलीच, तर हात स्टेअरिंगवरच ठेवायचे — बाहेर काढायचे नाहीत. नव्या लोकांना मी हे समजावून द्यायचो. ट्रॅकवाला मला सर म्हणायला लागला. बरं वाटायचं. दुकानात कोण म्हणतं सर?

रफिकला यातलं काही ठाऊक नव्हतं. लहानपणापासून बापाचा ट्रॅक्टर चालवलेला माणूस. बसायचा, रेस द्यायचा, आणि माझ्या पुढे निघून जायचा. दर वेळी.

एकदा मी एका नवराबायकोला वळण समजावत होतो. रफिक हेल्मेट काढत आला आणि म्हणाला, "सांगाले आमचे भाऊ, अन् चालवाले आपुन." सगळे हसले. मीही हसलो. त्याच्या मनात काही नव्हतं, कधीच नसायचं. तो ते घरी पोचेपर्यंत विसरला असेल.

मी विसरलो नाही.

पुढे ट्रॅकवाल्यानं शर्यत ठेवली. मी लेक-जावयाला बघायला बोलावलं. जावयासमोर फोनवर जरा जास्तच बोलून बसलो होतो — आपला सासरा काय चीज आहे, ते येऊन बघा म्हणून. आणि शर्यतीच्या दिवशी, हेल्मेट हातात घेऊन रफिक माझ्याकडे आला. "सर," म्हणाला, आणि या वेळी थट्टा नव्हती. "ते शेवटचं वळण सांग ना बे. तिथं गाडी बाहेर फेकते मले."

मी काय सांगितलं? सांगतो. थांबा जरा.

ज्यानं ट्रॅक्टर चालवलाय त्याला माहीत असतं. नांगरता नांगरता धुऱ्यापाशी, म्हणजे शेताच्या बांधापाशी आलं की वळायला जागा नसते. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक असतात. आतल्या चाकाचा तेवढा दाबायचा — ते चाक थांबतं, आणि सगळा ट्रॅक्टर त्याच्याभोवती फिरून येतो. कार्टला तसं नसतं. तिथं एकच ब्रेक, मागच्या दोन्ही चाकांना एकदम. वळता वळता दाबला की मागचा भाग सुटतो आणि गाडी गर्रकन घुमते. हे रफिकला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

मी म्हणालो, "धुऱ्यावर ट्रॅक्टर फिरवतो ना तू, तसंच. वळणात घुसला की दाबजो ब्रेक."

त्याचा चेहरा उजळला. "असं सांग ना मंग," म्हणाला. त्याच्या भाषेत सांगितलं होतं ना मी.

तो घुमावा, थांबावा, मी पुढे निघावं — मला एवढंच हवं होतं. असं मी स्वतःला सांगत आलोय. पण घुमलेल्या गाडीवर मागची गाडी येते, हे नव्या माणसाला मीच तर सांगायचो. आणि मागची गाडी माझीच असणार होती. दर वेळी तीच असायची.

तो घुमला. आडवा झाला. तोल जाऊ नये म्हणून त्यानं उजवा हात बाहेर काढला — आणि मी त्याच्यावर जाऊन आदळलो. हात दोन गाड्यांच्या मध्ये आला.

ट्रॅकवाला धावत आला, ओरडला, वळणात ब्रेक कोण मारतं? मी हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. म्हणालो, किती वेळा सांगितलं याला, ऐकतो कुठं. जावयानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

इथूनही कदाचित परतता आलं असतं. दवाखान्यात त्याच्याजवळ मी एकटाच बसलो होतो, त्याची बायको चहा आणायला गेली होती. रफिक म्हणाला, "तू मले ट्रॅक्टरसारखं कर म्हणला होता ना बे? का मलेच तसं वाटून राह्यलं?"

त्यानं आरोप केला नाही. विचारलं. त्याला स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्यावर जास्त भरवसा होता.

"नाही," मी म्हणालो. "तसं करू नको, असं म्हटलं होतं."

त्यानं प्लास्टरमधला हात छातीवर ओढून घेतला. "हाव," म्हणाला. "मंग मीच चुकलो."

हात मी मोडला, ते एक. पण जे त्याला पक्कं आठवत होतं, तेही मी त्याच्याकडून काढून घेतलं.

हाड जुळलं. बोटं पूर्ण मिटत नाहीत. तांब्याची बारीक तार चिमटीत राहत नाही, म्हणून मोटर आता त्याचा धाकटा भाऊ भरतो. रफिक गल्ल्यावर बसतो. मी सकाळी शटर उघडलं की पलीकडून हात वर करतो — तोच हात.

रविवारी अजून येतो तो ट्रॅकवर. चालवत नाही. कठड्यापाशी उभा राहून नव्या माणसांना हात दाखवतो आणि सांगतो, "वळणात ब्रेक दाबू नका बरं. या आमच्या भाऊनं मले सांगतलं होतं, मीच ऐकलं नाही."

मग लोक माझ्याकडे बघतात, आणि मी मान हलवतो.

काल रविवार होता. कालही हलवली.