दिवाळ्याची मावशी आणि बंड्याची सुई

जिन्याच्या पायरीवर बसून, पापलेटाचा भाव सांगता सांगता स्वतःच्या पोटात इन्सुलिनची सुई टोचणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. ही दिवाळे गावची कोळीण मावशी बेलापूरच्या आमच्या सोसायटीत मासळी घेऊन यायची. सुई टोचली की लगेच डबा उघडायची. "येक टायम देवाला इसरेन, पन सुईवर घास चुकनार नाय," म्हणायची. गिऱ्हाईक ताटकळलं तर ताटकळू दे.

आमच्या बंड्याला, म्हणजे बोक्याला, मधुमेह निघाला तेव्हा माझं धाबं दणाणलं. रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला इंजेक्शन. आधी खाणं, मग सुई. माझे हात असे कापायचे की औषध त्याच्या केसांवरच सांडायचं. "मांजराला कसली गं शुगर?" म्हणत शेजारीण पोट धरून हसली. मावशी हसली नाही. टोपली खाली ठेवून तिने विचारलं, "सुई कोनची देतात?"

पहिल्याच रविवारी मी घोळ घातला. पाहुणे यायचे होते. त्या गडबडीत बंड्याने ताटलीला तोंड लावलंय की नाही हे न बघताच सुई दिली. अकराच्या सुमारास मावशी दारात आली, तर हा झिंगल्यासारखा भिंतीला धडकत चाललेला.

"साखर उतरली ह्याची! मध आन, पल!"

तिने बोटाने त्याच्या हिरड्यांना मध चोळला आणि माझ्याबरोबर रिक्षात बसली. दवाखान्यात दोन तास थांबली. तिची मासळी इकडे गेटपाशी उन्हात पडून होती.

बंड्या वाचला. मी मात्र हात टेकले. "मावशी, मला नाही झेपत. कुणाला तरी देऊन टाकते त्याला."

ती भडकलीच. "आनि ज्याला देशील त्याचे हात नाय कापनार? माझे पन कापले. शीक!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती दारात हजर. अशी आठ दिवस आली, पण सुईला एकदाही हात लावला नाही. नुसती शेजारी उभी राहायची. "मानेची कातडी उचल. हां. आता श्वास सोड. त्यानं नाय गो, तू!" नवव्या दिवशी ती आली नाही, हे माझ्या सुई देऊन झाल्यावर लक्षात आलं.

गेल्या वर्षी तिच्या पायाची जखम चिघळली आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला. संध्याकाळी भेटायला गेले आणि तिचा हात धरून बसले. तिने घड्याळाकडे पाहिलं.

"साडेसा झाले. बोक्याला सुई कोन देनार? ऊठ."

"बसते ना थोडी."

"माझ्याजवल माझी मानसं हायत. त्याला तूच हायस. जा."

मला राग आला, रडूही आलं, पण उठले.

पंधरा दिवसांनी पहाटे ती गेली. तिच्या सुनेचा फोन आला तेव्हा पावणेसात वाजले होते. मी बंड्याला जेवू घातलं, तो खाईपर्यंत शेजारी बसले, सुई दिली आणि मग दिवाळ्याला निघाले.